एकोणीस मिनिटांची प्रस्तावना

३ मार्च २००२, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की नोंद हवी. कोणाला दाखवायची नाही. पण उद्या कोणी विचारलं, लियाओ साहेब, हे जमवलंत कसं, तर उत्तर तयार असावं.

काल सासऱ्यांकडे जेवताना जाहीर केलं. पुढच्या महिन्यात त्यांचा ऐंशीवा वाढदिवस (एकोणऐंशीतच करायचा असतो, तसा करतोय). गल्लीत मांडव, पंधरा टेबलं. त्या दिवशी मी त्यांच्या शेवटच्या खेळाची टेप पडद्यावर दाखवणार. सासरे जन्मभर हातबाहुल्यांचा खेळ करायचे. अकरा वर्षांपूर्वी भूमिदेवाच्या देवळासमोर शेवटचा केला. त्यानंतर अर्धांगाचा झटका आला, आणि आता त्यांना चहाचा पेला धरायलाही दोन हात लागतात. तो खेळ मीच टेप केला होता. दुसऱ्या कोणाला सुचलं नव्हतं.

टेपच्या अगदी शेवटी सासूबाई आहेत. त्या खेळात झांज वाजवायच्या. खेळ संपल्यावर पुढे येऊन लोकांचे आभार मानतात. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. फोटो ढीगभर आहेत, आवाज मात्र फक्त त्या टेपमध्ये.

हे सांगितलं तेव्हा सासऱ्यांनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या आणि विचारलं, तिचा आवाज? येईल? मी म्हटलं, शंभर टक्के. सबंध टेप कॉम्प्युटरवर उतरवतो. एकच फाइल, अखंड. तुकडेबिकडे नाहीत.

बायकोने, बी-श्याने, टेबलाखालून मांडीला चिमटा काढला. कौतुकाने असावा.

६ मार्च, बुधवार
टेप सापडली. कपाटात, रजयांच्या मागे. डबी उघडली तर आत बुरशी, आणि पालीचं वाळलेलं अंडं. शी. या बेटावर काही म्हणून कोरडं राहत नाही. अंडं बी-श्याला काढायला सांगितलं. म्हणाली, टेप तुमची, अंडं तुमचं.

जुनी टेप वाजवणारा कॅमेरा ऑफिसातल्या सूकडून आणला. सू दिवसभर सुपारी चघळतो. जिथे डोळा लावायचा त्या रबरावर लाल डाग. दोनदा पुसले, तरी वास येतोच. अशा माणसाला शेतकरी संस्थेत नोकरी कशी लागते? मी उपविभागप्रमुख असूनही मला कोणी विचारत नाही.

कॉम्प्युटर मात्र उत्तम. चाळीस जीबीची डिस्क, बहुतेक रिकामी. अशी डिस्क आमच्या मजल्यावर कोणाकडे नाही.

१० मार्च, रविवार
पहिला प्रयत्न. टेप सुरू झाली आणि पडद्यावर मी! केस किती दाट होते.

सुरुवातीला माझी प्रस्तावना आहे. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून, देवळाच्या पायऱ्यांपुढे उभं राहून, बाहुल्यांच्या कलेचा उगम, तिचा प्रसार आणि आपल्या गल्लीचं कर्तव्य, हे सगळं मी सांगितलं आहे. वीस-बावीस मिनिटं, एक शब्द जास्तीचा नाही. पाठीमागे खेळाचा मंच असलेली गाडी दिसते. जागाही मीच निवडली होती, बरोबर गाभाऱ्यासमोर, अंगणाच्या मध्यावर. एवढी गर्दी होती, आणि नेमकी ती जागा रिकामी! लोकांना चांगली जागा ओळखताच येत नाही.

एकोणीस मिनिटांनी कॉम्प्युटर थांबला. म्हणे, डिस्कमध्ये जागा नाही. पस्तीस जीबी रिकामी आहे! मी बोट ठेवून दाखवलं. यंत्र खोटं बोलायला लागलं की माणसाने कुठे बघायचं?

त्यातही थांबला कुठे, तर 'आणि म्हणूनच, रसिकहो, कला म्हणजे' इथे. माझं सर्वांत सुंदर वाक्य.

१३ मार्च
पुन्हा केलं, तिथेच थांबला. वायर बदलली, तरी तिथेच. पंखा बंद करून केलं, घामाने शर्ट पाठीला चिकटला, आणि हा तिथेच.

सासरे रोज सकाळी देवळातून परतताना डोकावतात. चपला काढत नाहीत, दारातूनच विचारतात, काय जावईबापू, बाई आली का पेटीत? मी म्हणतो, येतेय. म्हणतात, तिला नटायला वेळ लागायचाच.

१६ मार्च, शनिवार
बी-श्याने तिच्या बहिणीच्या नवऱ्याला फोन लावला. मला न विचारता. चेंग-नान ताइचुंगला कॉम्प्युटरचं दुकान चालवतो. म्हणजे उंदीर आणि की-बोर्ड विकतो. सासऱ्यांच्या घरी त्याला भात आधी वाढतात. का ते मला माहीत नाही.

त्याचं म्हणणं: भावजी, डिस्क भरलेली नाही. तिची मांडणी जुन्या पद्धतीची आहे, त्यात एक फाइल चार जीबीच्या पुढे जात नाही. गोदाम कितीही मोठं असलं तरी एका पोत्यात मावेल तेवढंच मावणार. एक तर मांडणी बदला, मी येऊन अर्ध्या दिवसात करून देतो. नाही तर टेप पुढे सरकवा आणि दुसऱ्या पोत्यात भरा. अगदी सोपं आहे.

मला पोत्याचं उदाहरण देतो! बावीस वर्षं पोत्यांच्या संस्थेत कोण आहे?

मी म्हटलं, बघतो. फोन ठेवल्यावर बी-श्या म्हणाली, बघता काय, बोलवा की त्याला. मी म्हटलं, अखंड म्हणजे अखंड, मी शब्द दिलाय. ती म्हणाली, शब्द आवाज ऐकवायचा दिलाय, पोत्याचा नाही. बायका तांत्रिक विषयात भावना आणतात.

१८ मार्च, सोमवार
खरं कारण सापडलं. सूने सांगितलं. सुपारी थुंकून (माझ्याच टेबलाखालच्या डब्यात, शी) म्हणाला, साहेब, पेटीवर हिरवं पाकीट ठेवलंय का?

नव्हतं! केवढी साधी गोष्ट. आमच्या ऑफिसात प्रत्येक यंत्रावर आहे, बँकेत आहे, मोठ्या कारखान्यांतही असतं म्हणतात. मक्याच्या गोड, कुरकुरीत खाऊचं हिरवं पाकीट. त्या खाऊचं नावच 'शहाण्यासारखं वाग' असं, म्हणून यंत्रही तसं वागतं. आणि घरी मी बिनपाकिटाचा कॉम्प्युटर चालवतोय. चेंग-नान दुकानदार असून त्याने हे विचारलंसुद्धा नाही. यावरून त्याचं ज्ञान कळतं.

येताना घेतलं. पेटीवर ठेवलं, तारखेची बाजू पुढे.

१९ मार्च
एकोणीस मिनिटं.

२० मार्च
सूने पाकीट बघायला मागितलं. पिवळं होतं. पिवळं म्हणजे मसाल्याचं. पिवळ्याने यंत्र आणखी बिघडतं, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. दुकानात उजेडच नाही, त्यात माझा काय दोष? उद्या हिरवं.

२४ मार्च, रविवार
हिरवं ठेवलं. एकोणीस मिनिटं. पाकीट उलटं करून पाहिलं तर मुदत जानेवारीत संपलेली! मेलेल्या पाकिटाला यंत्र का घाबरेल? दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, खायला घेता की पूजेला? खायला असेल तर बदलून देतो. मी म्हटलं, कॉम्प्युटरला. त्याने लगेच नवं दिलं, वर माफी मागितली. माणूस समजूतदार.

एवढ्यात मुंग्या झाल्या. जुन्या पाकिटाला बारीक भोक होतं. की-बोर्डच्या फटीत मुंग्या, उंदराखाली मुंग्या, मुदत संपलेल्या साखरेला चिकटून मेलेल्या मुंग्या. टूथपिकने काढल्या. जेवण गेलं नाही.

२७ मार्च
नवं, ताजं, हिरवं, अखंड पाकीट. एकोणीस मिनिटं.

सू म्हणतो, मनापासून ठेवलं नसेल.

३१ मार्च, रविवार
प्रत्येक वेळी टेप पहिल्यापासून लावतो. आता चित्रात पांढरे पट्टे येतात. कॅमेऱ्यातून जुन्या मोज्यासारखा वास येतो. बी-श्या म्हणाली, अहो, तेवढाच भाग झिजवताय तुम्ही, शेवटाकडे एकदा तरी जा. बाबा रोज विचारतात, मला त्यांच्याकडे बघवत नाही.

तिला शांतपणे समजावलं. प्रस्तावनेशिवाय नाटक दाखवणं म्हणजे पाहुण्याला मागच्या दाराने घेणं. ती कपडे वाळत घालायला गेली. प्रस्तावना सुरू झाली की ती नेहमीच कपडे वाळत घालायला जाते. पाच वेळा बघितली म्हणते. सबंध एकदाही बघितलेली नाही.

या वेळी नीट ऐकलं तर आणखी एक घाण सापडली. सतराव्या मिनिटापासून, माझं उत्तम चाललेलं असताना, मागून कोणी तरी बाई केकाटते. आपले स्पीकर स्वस्तातले, शब्द कळत नाहीत, पण स्वर बाजारातला. देवळाबाहेरची मासेवाली असणार. काय लोक! समोर माणूस कलेवर बोलतोय आणि ह्यांचं सुरमई-सुरमई.

हे साफ करायला हवं. माझ्या आवाजाला धक्का न लावता.

२ एप्रिल, मंगळवार
आवाज साफ करण्याची सीडी सूच्या मेहुण्याकडून आणली. मासेवालीच्या जागेवर खूण केली, 'काढून टाका' दाबलं. पट्टी सरकत सरकत टोकाला आली आणि संदेश: डिस्कमध्ये जागा नाही. साफ केलेली फाइल मूळ फाइलपेक्षा जराशी मोठी होते म्हणे, म्हणून लिहिताच येत नाही.

म्हणजे घाण ठेवायला जागा आहे, घाण काढायला नाही. किळस आली. सीडी परत दिली.

५ एप्रिल, शुक्रवार
आज पितरांचा दिवस. मेहुणा अमेरिकेत, त्यामुळे सासूबाईंच्या थडग्याला सासऱ्यांना मीच गाडीने नेलं. रीतीने लेकीजावयाने जायचं नसतं, पण दुसरं आहे कोण. डास, चिखल, आणि कोणाच्या तरी कुत्र्याने तिथेच घाण केलेली. तीही मीच उचलली.

सासऱ्यांनी गवत काढलं. हात इतके थरथरतात की गवतापेक्षा माती जास्त येते. मी मदतीला गेलो तर म्हणाले, राहू द्या, तिला माझ्या हातची सवय आहे. मग उदबत्त्या धरून थडग्याशी बोलले. म्हणाले, ऐक, चौदा तारखेला ये. हे जावईबापू तुला पेटीत बसवतायत. खूप खर्च केलाय त्यांनी, पाकिटंच किती आणली. आणि माझ्याकडे वळून हळूच: मला तिचा चेहरा आठवतो हो. आवाज गेला. गेल्या वर्षापर्यंत होता, आता कान लावला तरी येत नाही.

मी म्हटलं, शंभर टक्के.

बी-श्याने घरी आल्यावर फक्त एवढंच विचारलं, आता तरी?

संकल्प: अखंडतेचा हट्ट सोडायचा. हट्ट नव्हताच, ते धोरण होतं. धोरण बदलता येतं.

६ एप्रिल, शनिवार
चेंग-नानला फोन करणार होतो. केला नाही. टेप पुढे सरकवायची, एवढंच तर काम. त्यासाठी ताइचुंगहून माणूस कशाला?

पुढे सरकवण्याचं बटण दाबलं. थोडा वेळ सरकली. मग कॅमेऱ्याच्या आतून कुरकुर, जशी कोणी वाळलेली मासळी चावावी. मी पटकन बंद केलं. झाकण उघडलं. टेप बाहेर आली ती वेगळ्याच आकारात.

याला मी जबाबदार नाही. कॅमेरा सूचा. बुरशी हवेची. सूने त्यात सुपारीच्या हातांनी काय काय केलं असेल कोण जाणे.

७ एप्रिल
सेलोफेनच्या पट्टीने जोडता येते असं ऐकलं होतं. येत नाही.

८ एप्रिल, सोमवार
बी-श्याला सांगितलं. तिने टेपच्या भेंडोळ्याकडे बघितलं. ओरडली नाही. म्हणाली, बाबांना तुम्ही सांगायचं. मग भेंडोळं उचलून तिच्या आईच्या फोटोखालच्या खणात ठेवलं, जसं काही जेवणाचा डबा ठेवावा.

ओरडली असती तर बरं झालं असतं.

शिल्लक काय, तर कॉम्प्युटरमधली एकोणीस मिनिटं. सगळी माझी.

१० एप्रिल, बुधवार
सासरे आले. आज चपला काढून आत आले, पेटीसमोर बसले, पाकिटाची तारीख वाचली. बाई आली का? मी म्हटलं, जवळजवळ. म्हणाले, मला दिसायला नको हो, नुसती बोलली तरी चालेल. काहीही बोलू दे. शिव्या दिल्या तरी चालेल.

सांगायचं होतं. पण ते चहा पीत होते, दोन्ही हातांनी. मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं.

१३ एप्रिल, शनिवार
योजना ठरली. उद्या एकोणीस मिनिटं दाखवायची. प्रस्तावना मुळात स्वतंत्र कलाकृती आहे. संपली की मी उठून म्हणणार, मंडळी, विजेचा दाब कमी पडतोय, उरलेलं सवडीने. तोवर डुकराच्या पायाच्या शेवया येतील, आणि शेवया आल्या की आपल्या लोकांना कशाचीच आठवण राहत नाही.

चेंग-नान स्वतःचा प्रोजेक्टर आणि मोठे स्पीकर घेऊन आलाय. बढाईखोर. बी-श्याने त्याला सगळं सांगितलेलं दिसतंय. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, भावजी, होतं असं. हात ठेवला! ओला होता.

१४ एप्रिल, रविवार, वाढदिवस
जसं झालं तसं लिहितो.

पेटी मांडवात नेली, वर हिरवं पाकीट. थंड पदार्थांचं ताट आलं, मग मासा, तेव्हा सुरू केलं. पडद्यावर मी दोन माणसांएवढा. दाट केस. पहिली पाच मिनिटं लोकांनी बघितलं. मग शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने मोठ्याने विचारलं, कुठल्या निवडणुकीला उभे आहेत हे? निवडणूक तर झाली ना? हशा. कोणी म्हणालं, पडलेले दिसतायत, तरीच थांबत नाहीत. मग सगळे माशाकडे वळले. सासरे मात्र खुर्ची पडद्याकडे ओढून बसले होते. माझ्याकडे बघत होते असं नाही. माझ्या मागच्या गाडीकडे बघत होते.

सतरावं मिनिट आलं. मासेवाली. चेंग-नानचे स्पीकर मोठे. अख्ख्या गल्लीत स्वच्छ ऐकू आलं:

कोण उभा राहिलाय तो मधोमध? देवाला दिसत नाहीये! खेळ देवासाठी आहे का तुझ्या पाठीसाठी? ए, लांब मानेच्या, बाजूला हो!

सासऱ्यांच्या हातातून काड्या पडल्या.

म्हणजे ती जागा रिकामी होती ती यासाठी. देवाची नजर अडवून मी... असो. मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं, असं आता ऐकू आलं.

मांडवात एकही माणूस जेवत नव्हता. टेपमध्ये झांज एकदा जोरात वाजली, बहुधा माझ्यासाठीच. मग तोच आवाज, पण खाली आलेला, पडद्यामागे नवऱ्याशी बोलावं तसा: अहो, थांबा, सुरू नका करू. आपलाच जावई आहे तो. बोलू दे, घसा कोरडा पडला की थांबेल. तोवर हात शेकून घ्या. चहा धरा, गरम आहे, सांडाल. आणि आज जरा...

इथे चार जीबी संपले. तिचं 'आज जरा' आणि माझं 'कला म्हणजे' एकदमच तुटलं. पडदा काळा.

बी-श्या तोंडावर हात धरून उभी होती. मी विजेबद्दल बोलायला उठलो. कोणी ऐकलं नाही. सासरेच बोलले, पडद्याला उद्देशून:

डावा खांदा खाली ठेवा. आज जरा डावा खांदा खाली ठेवा. दर खेळाआधी म्हणायची.

आणि खरोखर त्यांनी डावा खांदा खाली केला. हात वर घेतला, बाहुली चढवल्यासारखा. थरथरत होता. मग म्हणाले, जावईबापू, परत लावा. पण तुमच्याशिवाय.

१५ एप्रिल, सोमवार
चेंग-नानने जाण्याआधी फाइल कापली. माझी सतरा मिनिटं आणि सगळं चित्र काढून टाकलं, नुसता बाईंचा आवाज ठेवला. मी विचारलं, माझा थोडा भाग संदर्भासाठी? तो म्हणाला, भावजी, तुमचा संदर्भ त्यांनी दिलाय की. मूळ फाइल पुसून टाकली, जागा अडवते म्हणून. पस्तीस जीबी रिकामी असताना.

उरलेली फाइल इतकी लहान आहे की कुठेही मावते.

नोंद: चार जीबीची मर्यादा मुळात योग्यच आहे. माणसाने किती बोलावं याला काही हिशोब हवा. हे माझं पहिल्यापासूनचं मत.

२१ एप्रिल, रविवार
हिरवं पाकीट फोडलं. दमट झालं होतं, दाताला चिकटत होतं. तरी संपवलं.

सासरे रोज येतात. आता चपला काढतात, आत येऊन बसतात, स्वतःच बटण दाबतात. डावा खांदा खाली करून ऐकतात. एकदा ऐकून झालं की चहा मागतात.

आज ते आले तेव्हा मी खिडकीपाशी पेपर वाचत उभा होतो. पेटीतून आवाज आला, ए, लांब मानेच्या, बाजूला हो.

मी बाजूला झालो.